शांताक्कांच्या मागावरचं घरटं

या सदरात लोक जे लिहितात ते मी बरीच वर्षं वाचत आलो आहे, आणि खरं सांगायचं तर वाचून हसतही आलो आहे. घाटात हात दाखवणारी बाई, रिकाम्या खोलीत हलणारा पाळणा... बहुतेक वेळा वाटायचं, या माणसाची झोप झाली नसावी. मी निपाणीच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली. उजेड कुठून येतो ते आधी ठरवा, मग सावली कुठं पडणार ते आपोआप कळतं — एवढंच मुलांना सांगितलं, आणि माझा स्वतःचा विश्वासही तेवढ्यावरच होता. आजही त्यापलीकडचं मला काही कळत नाही.

तरी लिहितो आहे. दोन गोष्टी आहेत. एक मी केली. ती का केली ते मला माहीत आहे. दुसरी घडली, तिचं मला काहीही माहीत नाही.

बेळगावात एक छोटं संग्रहालय आहे. कौलारू बंगला, तीन खोल्या आणि पुढं व्हरांडा. अंगणात वीरगळ, आत नाणी, जुनी भांडी, आणि मधल्या खोलीत भुसा भरलेले पक्षी. खानापूरच्या जंगलातला एक मोठा धनेश आहे, त्याचा एक काचेचा डोळा कधीच पडून गेलाय. निवृत्त झाल्यावर मी तिथं प्रदर्शनं मांडायला जाऊ लागलो. पक्ष्यांमुळे मुलं येतात, म्हणून दरवर्षी विषय पक्ष्यांचाच. पण नुसती सुंदर चित्रं लावायची नाहीत, माणसांचंही काही सांगायचं, असा माझा आग्रह असायचा. माळरान विकलं गेलं तर टिटवी कुठं जाते आणि धनगर कुठं जातो, असं एक प्रदर्शन केलं होतं. लोकांना आवडलं.

काही वर्षांपूर्वी विषय घेतला चिमणी आणि माग. शहापूर-वडगावकडचे माग एकेक करून बंद पडत होते. मागांच्या शेडमधल्या चिमण्या मागाखाली पडलेल्या साडीच्या धाग्यांचीच घरटी करायच्या, असं ऐकलं होतं. चित्रं झाली, फोटो झाले, काठावर राघू विणलेली एक जुनी साडी मिळाली. मला खरं घरटं हवं होतं.

कुणीतरी वडगावच्या शांताक्कांचं नाव सांगितलं. घरामागं पत्र्याची शेड, त्यात दोन पावरलूम. एक खडखडत होता. दुसऱ्यावर जुनी चादर टाकलेली. दारात शांताक्कांच्या सासूबाई सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यांना सगळे आव्वा म्हणायचे.

"हा का बंद?" मी विचारलं.

शांताक्कांनी चालू माग थांबवला. "वर बघा की, सर."

मागाच्या लोखंडी फ्रेमवर, पत्र्याच्या खाली, घरटं होतं. गवत थोडं आणि धागेच जास्त. राणी, जांभळा, मधेच जरीचा एखादा कण. मी बघतच राहिलो.

"पाखरू बसलं की त्यो माग बंद," शांताक्का म्हणाल्या. "पिल्लं उडून जाईपर्यंत चालवायचा न्हाय. आव्वांचा नेम हाय."

त्यांचे यजमान परशराम अण्णा हसले. "साडीचा मालक वरडतोय, साडी कुठाय, साडी कुठाय. म्या सांगतो, बाबा, आमची खरी मालकीण वर बसल्या. तिची रजा घे आधी."

आव्वा खालूनच म्हणाल्या, "हसतंय बघा. ह्येचा बा बी असाच हसायचा."

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. त्या तुटलेला धागा जोडत होत्या. डाव्या हातानं, आणि गाठ उलटी मारत होत्या.

"आव्वांची गाठ लगेच वळखती," अण्णा म्हणाले. "आख्ख्या वडगावात अशी गाठ दुसऱ्या कुणाची न्हाय. साडी उलटी केली की मालक म्हणायचा, म्हातारीनं विणल्या."

मी घरट्याचं विचारलं. शांताक्का म्हणाल्या, "आत्ता अंडी हाईत. पिल्लं उडाली की मीच आणून देतो तुम्हांस्नी."

निघताना आव्वांनी मला थांबवलं. "पाखराच्या घरात हात घालायचा न्हाय, सर. तुमी मास्तर हाय, तुमांस्नी काय सांगायचं."

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशीपर्यंत पिल्लं उडाली नव्हती. मधल्या खोलीत काचेची पेटी रिकामी होती आणि सगळं प्रदर्शन त्या पेटीभोवती मांडलं होतं. मी परत वडगावला गेलो. विचारायलाच गेलो होतो, असं मी स्वतःला अजूनही सांगतो. आव्वा आणि अण्णा चिकोडीला लग्नाला गेले होते. शांताक्का एकट्याच मागं राहिल्या होत्या, पण त्या वेळी तयार साड्या पोचवायला बाहेर गेलेल्या. शेडला नुसती कडी होती.

मी स्टुलावर चढलो आणि घरटं उतरवलं. आत अजून अंडीच होती. ती मी कचऱ्यातल्या धाग्यांच्या गुंडाळ्यावर खिडकीत ठेवली. चिमणी येऊन तिथं बसेल, असं मला वाटलं. म्हणजे वाटलं नाही. तसं म्हणून घेतलं.

माझी एक सवय आहे, जे मांडायचं ते आधी काढायचं. त्या संध्याकाळी मी घरट्याचं चित्र काढलं, पेन्सिल आणि जलरंग, प्रत्येक धागा जिथल्या तिथं. मग घरटं पेटीत ठेवलं, किडे जाऊ नयेत म्हणून काचेच्या कडा पुट्टीनं बंद केल्या आणि एका कोपऱ्यात पुट्टी अंगठ्यानं दाबली. खाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं — शांताक्का, वडगाव, यांच्या सौजन्याने.

सौजन्य या शब्दाचा मी इतका वाईट उपयोग कधी केला नव्हता.

फोटो पेपरात आला. त्यात पाटीही वाचता येत होती. तिकडं वडगावात आव्वा परतल्या तेव्हा खिडकीतल्या अंड्यांना मुंग्या लागल्या होत्या. शांताक्का सांगत होत्या, मी दिलं नाही, सरांनी नेलं. आव्वांनी एकच विचारलं, मग पाटीवर तुझं नाव कसं? गल्लीतही तेच झालं. पेपरात नाव यावं म्हणून बाईनं अंडी टाकून दिली, असं लोक बोलू लागले. आव्वांनी त्या दिवसापासून सुनेच्या हातचं खाणं सोडलं. नात रेणुका वाढायची तेव्हाच जेवायच्या.

हे मला शांताक्कांनीच सांगितलं. त्या संग्रहालयात आल्या होत्या. पेटीकडं बघितलंसुद्धा नाही.

"सर, घरी येऊन येवढं एक सांगा. न विचारता नेलं म्हणून. आव्वा दुसऱ्या कुणाचं ऐकायच्या न्हाईत, तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "प्रदर्शन संपू दे. नक्की येतो."

प्रदर्शन संपलं. मी गेलो नाही. रोज शाळेची मुलं त्या पेटीपुढं उभी राहायची आणि मी त्यांना सांगायचो, घरट्याला हात लावू नये. असा माणूस वडगावला जाऊन काय सांगणार, असं वाटायचं. थंडीत आव्वा गेल्याचं कळलं. शेवटपर्यंत त्यांनी सुनेच्या हातचं पाणीही घेतलं नव्हतं.

त्यानंतरचं आता सांगतो.

प्रदर्शनानंतरही घरटं संग्रहालयातच राहिलं, शेजारी माझं चित्र. आव्वांना जाऊन काही महिने झाले असतील. मी सकाळी खिडक्या उघडल्या आणि पेटीपाशी थांबलो. घरट्याच्या काठावर एक हळदी रंगाचा धागा होता. चित्रात तो नव्हता.

संग्रहालयाची देखभाल मल्लाप्पा करतो. घरी कन्नड, आमच्याशी मराठी. त्याला बोलावलं.

"चित्रात राहून गेला असंल, सर."

"माझ्या चित्रात धागा राहत नाही."

"मग चष्मा बदला," तो म्हणाला, आणि पुट्टीवरून बोट फिरवत पेटीला पूर्ण फेरी मारली. कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. रेषा मोजता याव्यात इतका स्वच्छ. दुपारी मल्लाप्पानं त्या खोलीत उदबत्ती लावलेली दिसली.

मी वडगावला गेलो, पण घरापर्यंत नाही. रस्त्यावरूनच शेड दिसत होती. एक माग भंगारात गेला होता. दुसऱ्यापाशी शांताक्का उभ्या होत्या, आणि मागावर हळदी साडी चढली होती.

असं परत परत झालं. मोरपंखी, डाळिंबी, एकदा मळकट पांढरा. दर वेळी मी आधी चित्र बघायचो, मग घरटं, मग पुट्टी. पहिल्या एक-दोन वेळा वडगावला जाऊन खात्री केली, मग जायचं सोडून दिलं. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला काहीच वाटत नव्हतं. बसमध्ये बसायचो, निपाणीला उतरायचो, जेवायचो. पेटी उघडून बघावी असं मनात यायचं आणि हात उचलला जायचा नाही.

एवढं मात्र दिसत होतं की नवे धागे कडेकडेनं आत जात होते. घरट्याची वाटी भरत चालली होती. आणि या वर्षी एका सकाळी ती पूर्ण बुजलेली दिसली. अंडं ठेवायला जागा उरली नव्हती. वरून सगळं सपाट, घट्ट, विणल्यासारखं.

त्या दिवशी मी मल्लाप्पाला स्क्रू काढायला सांगितले. पुट्टी वाळून दगड झाली होती, छिन्नीनं फोडावी लागली. घरटं त्यानं कुंदा मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवून दिलं. ते मांडीवर घेऊन मी वडगावला गेलो.

शेडमध्ये आता मागच नव्हता. शांताक्का दुसऱ्याकडं कामाला जात होत्या, त्या दिवशी घरी होत्या. केस पांढरे झालेले. रेणुका माहेरी आली होती. अण्णांनी खुर्ची दिली. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. कडी काढली ती मी, अंडी खिडकीत ठेवली ती मी, पाटी लिहिली ती मी.



"आता कुणास्नी सांगताय, सर," शांताक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जिला सांगायचं हुतं ती गेली की."

रेणुका म्हणाली, "माझ्या लग्नात बी बोलल्यात बायका. अंडी फोडून पेपरात गेली तिची लेक, म्हणून. तुमी एकट्यात सांगून काय उपेग? लिवा. नाव घालून लिवा. गल्लीला वाचाय येतंय."

म्हणून लिहितो आहे. वडगावच्या शांताक्कांनी घरटं दिलं नव्हतं. पिल्लं उडाल्यावर देईन, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. ते मी न विचारता नेलं, अंडी माझ्यामुळे गेली, आणि पाटीवर त्यांचं नाव मी खोटं घातलं.

मी खोकं पुढं केलं आणि धाग्यांचं सांगितलं. हसतील किंवा हाकलतील असं वाटलं. शांताक्कांनी घरटं हातात घेऊन उजेडाकडं धरलं. एकेक रंगावर बोट ठेवत गेल्या. हळदी. मोरपंखी. डाळिंबी. या कुठल्या साड्यांच्या ते त्यांना पाठ होतं. मग त्यांनी घरटं उलटं केलं आणि बोट एका जागी थांबलं.

"रेणुका, हिकडं ये गं. ही गाठ बघ."

दोन रंगांचे धागे जिथं जुळत होते तिथं बारीक गाठ होती. पुढच्या जोडावरही होती. चिमणी गाठ मारत नाही, एवढं मलाही कळतं. रेणुकानं बघितलं आणि ती उंबऱ्यावर बसली. अण्णांनी चष्मा लावून बघितलं, काढला, परत लावला. सगळ्या गाठी उलट्या होत्या, डाव्या हाताच्या.

शांताक्का रडल्या नाहीत. घरटं ओंजळीत धरून नुसत्या उभ्या होत्या.

"माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाय," त्या म्हणाल्या. "सूत तेवढं माझंच घेतलंया."

मला त्यांनी चहा दिला. मी प्यालो. निघताना घरटं खिडकीत ठेवलेलं दिसलं, त्याच खिडकीत.

संग्रहालयातली पेटी आता रिकामी आहे, पण मी ती काढू दिली नाही. पाटी नवीन लिहिली. खाली कन्नड मजकूर मल्लाप्पाकडून घेतला. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "कद्दद्दा, सर?" म्हणजे, चोरलेलं? मी म्हटलं, हो, तोच शब्द घाल.

गाठींचे फोटो मी दोन-तीन जाणत्या लोकांना दाखवले. एकजण म्हणाला, पेटी कुणीतरी उघडत असणार. अंगठ्याच्या ठशाचं सांगितलं तर त्यानं फोटो परत केले. शांताक्कांना परत विचारायचं मला धाडस नाही. आणि आव्वांनी ती वाटी रागानं बुजवली की आणखी कशानं, हे तर कुणाला विचारणार.

माझ्याकडं उरलंय ते चित्र. त्यात घरट्याची वाटी अजून उघडी आहे. धागा एकही चुकलेला नाही. आत अंडी होती, ती मात्र मी चित्रात दाखवली नव्हती. तिथं नुसती सावली भरली होती.