पुसलेला राजपुत्र

लेक नेलपॉलिश काढायला बसली, की आखातातल्या बिन महमूद वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत ॲसिटोनचा वास भरतो आणि मी उठून बाल्कनीत जातो. काही वर्षांपूर्वी द पर्ल या श्रीमंत वस्तीतल्या एका शौकिनाच्या घरी, त्याच्या जुन्या वस्तू साफ करताना, त्या दुपारी हाच वास होता. समोर पुरातन इराणी वाडगा, त्यावर निळ्या घोड्यावरून शिकारीला निघालेला गोल चेहऱ्याचा राजपुत्र. मला त्यावरचा गोंदाचा डाग तेवढा काढायचा होता. प्रत्येक रंगावर आधी ठिपकाभर ॲसिटोन लावून बघायचं, हा आमच्या कामातला पहिला धडा. मी घोड्याचा निळा तपासला, तो पक्का निघाला, म्हणून बाकीचे रंग तसेच धरून चाललो. कापूस फिरवला आणि राजपुत्राचे डोळे, भुवया, ओठ सगळं कापसावर आलं. नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, सगळं खलास, एवढंच डोक्यात होतं, आणि मी वेड्यासारखा तोच कापूस परत त्या जागी दाबत राहिलो. लखनौचे आमचे सर आले, त्यांनी भिंगातून पाहिलं. "ये चेहरा पुराना नहीं था. किसी ने बाद में बनाया था, नीचे प्लास्टर है." मी विचारलं, "मालिक को बता दें?" "वो इसी चेहरे पे मरते हैं," म्हणत त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. "बना दो." मी डोळे, भुवया, ओठ पुन्हा रंगवले, डोक्यात तेव्हाही व्हिसाच होता. दरवर्षी तो वाडगा पुसायला अजून मीच जातो. मालक पाहुण्यांना सांगतात, त्या काळच्या चित्रकारानं शिकाऱ्याच्या डोळ्यांत भीती कशी आणली बघा. मी मान खाली घालून कोरडा कापूस फिरवत राहतो.