काच पुसेल त्याची चावी

"अगं, उकळतं आण, उकळतं! कोमट घेऊन काय करू, काचेचे पाय धुवायचेत का?"

नवरा ओरडत होता, आणि त्याचा आवाज समोरच्या दरीत जाऊन आणखी तीन-चार नवरे सोबत घेऊन परत येत होता. एक मला पुरत असताना ही भर नको होती. मी स्टोव्हवरचं चहाचं आधण उचललं, गाडीपाशी गेले आणि ते त्याला न देता पातेलं हातात धरून बॉनेटला पाठ लावून उभी राहिले.

"हटणार नाही. गार काचेवर उकळतं पाणी टाकलंत तर तडकेल ती. मग मस्कतपर्यंत तोंडाला टॉवेल गुंडाळून जाणार का?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, जानेवारी महिन्यातली गोष्ट. गुरुवारी आम्ही मस्कतमधल्या अल् घुब्र्याच्या फ्लॅटमधून निघून जबल शम्सवर, ओमानच्या सगळ्यात उंच डोंगरावर, तंबू ठोकला होता. सोबत रुस्ताकला कापडाचं दुकान असलेले आमचे रत्नागिरीचे भाई आणि त्यांची बायको, आमच्या भाभी. त्यांची छोटी गाडी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात ठेवून ते आमच्या जीपमध्ये बसले होते. शुक्रवारी सकाळी तंबूची चेन उघडली, तर जीपच्या काचेवर बर्फ! तुम्हाला वाटेल, असेल थोडं दव. दव? अहो, मासळीबाजारातली अख्खी लादी कुणीतरी आणून काचेवर चिकटवली होती. मस्कतमध्ये स्वेटर म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचं पांघरूण. इथे मी तीन स्वेटर चढवले होते, आणि वरच्या स्वेटरलाही थंडी वाजत होती. त्यात गाडी कड्याच्या सावलीत. ऊन तिथे यायला दुपार झाली असती आणि भाईंना जुम्म्याच्या नमाजाला खाली पोचायचं होतं.

आता माझं दुखणं सांगते. पर्समध्ये दोन वर्षांपासून ओमानचं ड्रायव्हिंग लायसन होतं. ते कसं मिळालं ते त्या ड्रमना विचारा. तिथे परीक्षेत रिकाम्या पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यावी लागते. मी इतक्या वेळा नापास झाले की शेवटी ती पिंपंच मला बघून बाजूला सरकू लागली. परीक्षा घेणारे पोलीस मला घरच्यासारखं "यल्ला, चल, आलीस का?" म्हणायचे. आणि एवढं करून मिळवलेल्या लायसनवर चाक किती फिरवलं? शून्य. चावी मागितली की नवरा म्हणायचा, "आज ट्रॅफिक आहे." शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, रस्त्यावर एक मांजर नसताना, ट्रॅफिक!

म्हणून पातेलं धरूनच मी म्हटलं, "पैज लावा. ही काच जो साफ करेल, तो गाडी खाली नेईल."

"मी इंजिनिअर आहे," नवरा म्हणाला.

"म्हणजे कबूल?"

"कबूल! तुला तेवढीच हौस."

भाई मध्ये पडले. "साहेब, नको ओ. वहिनी जिंकल्या तर काय करणार? माझी दोन लग्नाची पोरं घरात हायत."

"घाबरू नका भाई," नवऱ्याने बाह्या सरसावल्या. त्याने आधी फुंकर मारली. मग तळहात घासला, आणि तो काचेला असा चिकटला की सोडवताना माणूस नाचला. मग त्याने मोर्चा उलथण्याकडे वळवला. ते मात्र भाईंच्या बायकोने हिसकावून घेतलं. "माझ्या आम्लेटचं हाय ते! आणि काचेवर रेघोट्या मारून ठेवाल!"

मी पातेलं भाभींच्या हातात दिलं, पर्स उघडली आणि लायसन काढलं. कडक प्लॅस्टिकचं कार्ड, कोपरे अजून कोरे करकरीत. तिरकं धरलं आणि वरून खाली ओढलं. खर्र! बर्फाची पापडी निघून बॉनेटवर पडली. आणखी एक. मग मी थांबलेच नाही. दोन वर्षांचा राग होता हातात. त्या रागाने मी अख्खा जबल शम्स सोलला असता. काच मोकळी झाली तेव्हा लायसनवरचा माझा फोटो गारठून निळा पडला होता, पण हसत होता.

नवऱ्याने खिशातली चावी अशी काढली, जशी दाढ उपटून देतोय.

तंबू आवरून मी स्टिअरिंगमागे बसले. सगळे आत आले, दारं लागली, चौघांचे श्वास आणि चहाची वाफ... आणि काच पांढरी फटक! समोर काही म्हणजे काही दिसेना.

"वायपर!" नवऱ्याने हात घालून वायपर लावला. वायपर कोरड्या काचेवर रडू लागला, धुकं तसंच. मस्कतकरांची ही खोडच. उन्हाळ्यात दमट हवेने काच बाहेरून धुरकटते, वायपर एकदा फिरवला की काम झालं. आम्हा कुणाला काच आतूनही धुरकटते हे माहीतच नव्हतं.

"हरलीस. उतर," नवरा म्हणाला.

"का उतरू? पैज काचेची आहे, अजून काच पुसतेय मी."

मी काचेवर आतून बोट ओढलं, तर बोट ओलं! घुब्र्याच्या फ्लॅटचा एसी मला आठवला. नळीतून रोज बादलीभर पाणी ओकायचा, त्यावर मी बाल्कनीतला कढीपत्ता जगवला होता. ते पाणी येतं कुठून? खोलीतल्या हवेतूनच ना? मी पंख्याचा झोत काचेवर वळवला, हीटरचा खटका लाल टोकाला नेला आणि एसी चालू केला.

गाडीत हलकल्लोळ. "एसी? इथे?" "या अल्ला, माझी शाल!" नवरा तर उभाच राहायचा बाकी होता. "हीटर आणि एसी एकदम? कूकरमध्ये आइस्क्रीम लावतेस का?"

काचेच्या तळाशी एक स्वच्छ पट्टी उमटली. ती वर सरकत सरकत आधी बॉनेट दिसलं, मग रस्ता, मग खाली जाणारी वळणं.

पहिला गिअर टाकला. तो कच्चा रस्ता जिलबीसारखा होता. काही वळणांवर आम्हाला आमचीच मागची नंबरप्लेट वाचता येत होती. भाई दुआ पुटपुटत होते. नवरा शेजारी बसून नसलेला ब्रेक इतका दाबत होता की जीपच्या तळाला भोक पडायचंच बाकी होतं. ब्रेक न जाळता, गिअरवर, एकही दगड न उडवता मी गाडी पायथ्याच्या गावात भाईंच्या गाडीशेजारी नेऊन लावली. नमाजाला वेळ शिल्लक होता.

भाई उतरले, हातपाय जागेवर आहेत का ते पाहिलं आणि खिडकीशी आले. "साहेब, आता चावी घ्या. पुढे हायवे हाय."

नवऱ्याने सीट मागे पाडली.

"नको," तो म्हणाला. "मला झोप आलीय."