संशोधनाची बैठक घरी का भरत असे

माझ्या पंचाहत्तरीनिमित्त माझे विद्यार्थी गौरवग्रंथ काढत आहेत. अशा ग्रंथात सत्कारमूर्तीने गप्प बसायचे असते, हा रिवाज मला ठाऊक आहे. तो मी मोडतो आहे. छपाईपूर्वी माझ्याकडे आलेल्या लेखांपैकी दोन लेख माझ्या घराविषयी आहेत, आणि त्या दोहोंना माझा आक्षेप आहे.

पहिला लेख ग्रंथाच्या संपादकाचा, म्हणजे माझ्या हाताखाली भूगोलात पीएच.डी. झालेल्या पहिल्या विद्यार्थ्याचा. संसाराची पर्वा न करता सरांनी आपले घर आम्हां संशोधकांना मोकळे करून दिले, असे तो लिहितो. दुसरा लेख माझ्या एकुलत्या मुलीचा. दुपारी बाहेरच्या खोलीत जमिनीवर नकाशे पसरलेले असत, भोवती विद्यार्थी बसत आणि ती भिंतीला पाठ लावून सरकत मोरीकडे जाई. त्या घरात भूगोल राहत होता, आम्ही कडेकडेने राहत होतो, असे तिने लिहिले आहे. वाक्य चांगले आहे. पण वाक्य चांगले असले म्हणून मजकूर खरा ठरत नाही.

प्रश्न माझ्या प्रतिष्ठेचा असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. माझी मुलगी याच शहरात रसायनशास्त्राची प्राध्यापक आहे. तिच्या संस्थेने तिला प्राचार्यपद देऊ केले होते आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितले होते. नकार देण्याचे तिने ठरवले होते. कारण आईला सांगितले, मला नव्हे. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, बाबांसारखे मला व्हायचे नाही, असे. म्हणजे माझ्याविषयीची एक अपुरी आठवण पुरावा म्हणून वापरली जात होती आणि त्या आठवणीपायी एका कर्तबगार बाईचे पद जाणार होते.

आता वस्तुस्थिती. सात रस्त्याजवळ आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझे महाविद्यालय सकाळचे, पत्नीची शाळा दुपारची. मी जिना चढत असे तेव्हा ती उतरत असे, आणि मुलगी जिन्यातच तिच्या हातून माझ्या हाती येई. तिथून संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे. विभागातली संशोधनाची बैठक मात्र दुपारीच भरे. काही दिवस मुलीला शेजारच्या आजींकडे ठेवून पाहिले. ती तिथे घासही गिळेना. दाराकडे बघत बसून राही. तेव्हा मी बैठकच घरी आणली. विभागातल्या टेबलांवर मोठे नकाशे मावत नाहीत, असे कारण दिले. तेही खरेच होते.

खरे कारण का सांगितले नाही? आमच्या एका सहकारी बाईंनी एकदा तान्हे मूल स्टाफरूममध्ये आणले होते. पुढे कित्येक वर्षे त्यांच्या टेबलाला सगळे ‘पाळणाघर’ म्हणत. शिवाय माझे वडील एकदा माळशिरसहून अचानक आले, तेव्हा मी मुलीला वरणभात भरवत होतो. दारातच उभे राहून ते म्हणाले, “आरं, मला तर वाटलं तू हितं प्रोफेसर हाईस. ही कसली नोकरी म्हणायची?” गावी जाऊन त्यांनी ते पारावर सांगितले. पुढच्या सुट्टीत चुलत भावांनी मला विचारले, “काय प्रोफेसर, भात मऊ शिजतो न्हवं?” ज्यांनी असले काही ऐकले नाही, त्यांनी मला मोकळेपणाचा उपदेश करू नये.

हे सारे मी गेल्या रविवारी मुलीला सांगितले.

“नकाशे घरी आले ते तुझ्यासाठी,” मी म्हणालो. “नाहीतर बैठक विभागातच होती.”

ती हसली. “छान! म्हणजे तो पसारा माझ्यामुळेच.”

“विनोद नको. मी घरात होतो, एवढे सिद्ध करतो आहे.”

“अहो, मुलगी आहे ती,” स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली. “तिची व्हायवा काय घेताय? आणि हे कारण आजवर मलासुद्धा सांगितलं नव्हतंत.”

मुलगी मात्र गंभीर झाली होती. “बाबा, तुम्ही घरात नव्हता असं मी लिहिलेलं नाही. परत वाचा.”

मी चष्मा लावून लेख पुन्हा वाचला. तसे तिने खरोखरच कुठे लिहिले नव्हते.

“तुम्ही समोरच असायचात,” ती म्हणाली. “मी हाक मारली की बोट वर करून ‘थांब’ म्हणायचात. मान नकाशातच. प्राचार्य झाले तर मीही घरी असेन की. फोन कानाला, फाइल मांडीवर आणि पोरगा समोर. ते समोर बसणं कसं असतं, मला माहीत आहे.”

“मग मी काय करायला हवे होते? संशोधन सोडायचे?”

“तेच मला कळत नाही. कळलं असतं तर हो म्हणाले असते.”

माझ्याकडे उत्तर नव्हते, हे खरे. पण उत्तर तिच्याकडेही नव्हते, आणि उत्तर नसताना नकार देणे हा तर्क मला मान्य नाही. तसे मी तिला म्हणालोही. ती पर्स उचलून गेली. सोमवारी सकाळी तिने संस्थेला नकार कळवला.

संपादकाने काल फोन केला. “सर, ताईंचा लेख वगळू का?” मी त्याला झापले. तिच्या लेखातला एक शब्दही हलवायचा नाही. त्याच्या लेखातले ‘संसाराची पर्वा न करता’ हे शब्द मात्र काढून टाकायचे. ते शुद्ध असत्य आहे. आणि हा मजकूर दोन्ही लेखांनंतर छापायचा.

प्राचार्यपदी तिच्याहून कनिष्ठ असलेल्या माणसाची निवड झाली आहे. यापुढे तिच्या रजेच्या अर्जावर तो सही करील. मला हे सहन होत नाही. तिला होईल, असे ती तिच्या आईला म्हणाली. मी अजून त्यावर विश्वास ठेवलेला नाही.