मागच्या सीटवरच्या बाई

नवशिक्या माणसाने शहरात रोज कामावर जाण्यासाठी पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी, हा प्रश्न मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. त्याखाली तीन रकाने आखले होते : किंमत, पेट्रोल, ताकद. चौथा रकाना आखायला लावला तो आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी. बाईंनी उभ्या आयुष्यात मोटारसायकलचे हँडल धरलेले नव्हते. त्या गाडी पारखीत ती मागच्या सीटवरून.

मी तेव्हा नेरूळला राहत असे आणि कळंबोलीच्या लोखंडबाजाराजवळच्या एका शाळेत गणित शिकवीत असे. दोन बसगाड्या बदलून पोहोचेपर्यंत आठवड्यातून दोनदा तरी प्रार्थना चुके. गाडी घेणे भाग होते. शाळेचे शिपाई जवळच्याच गावातले, आगरी. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावले, "सर, गाडी कोनची बी घे, पन बाईंना इचारल्याबिगर घेऊ नको. मागं हेडसरांनी नाय इचारलं, ती गाडी बघ कशी गंजत परलीय."

बाईंची एक सवय होती. कोणी प्रश्न विचारला की त्या उत्तर देत नसत, नकाशा काढायला सांगत. मलाही सांगितला. मी घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता मोजपट्टीने, प्रमाण लिहून, सुबक काढून आणला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि परत दिला. "सर, हा कावळ्याचा रस्ता झाला. माणूस मध्ये थांबतो. तुम्ही कुठे कुठे थांबाल, तेवढंच दाखवा."

दुसऱ्या दिवशी मी बसच्या खिडकीतून नोंदी केल्या. उरण फाटा, बेलापूरचा चौक, खारघरचा चढ जिथे ट्रक रांगत असतात, कामोठ्याचे वळण, अशा एकूण अकरा जागा निघाल्या. बाईंनी त्या अकरांभोवती लाल पेन्सिलीने गोल केले. "या अकरा ठिकाणी गाडी इंजिनावर उभी नसते, तुमच्या पायांवर असते. ताकद नंतर बघा. आधी दोन्ही टाचा टेकतात का ते बघा." चौथा रकाना तो हा. तो भरल्यावर दुकानातल्या सात गाड्यांपैकी दोनच उरल्या आणि त्यांतली चार स्ट्रोकची, शंभर सीसीची, बुटकी गाडी मी पक्की केली. मनात भरली होती ती फटफटणारी दोन स्ट्रोकची, हे कबूल करतो.

बाईंच्या यजमानांनी माझी निवड ऐकली आणि ते शाळेच्या फाटकातच हसले. ते कोरेगावकडचे, सातारा जिल्ह्यातले. लोखंडबाजारात वजनकाट्यावर आकडा वाचून पावती करण्याचे त्यांचे काम. रोज सकाळी आपल्या जुन्या, जड गाडीवरून ते बेलापूरहून बाईंना शाळेत सोडीत आणि पुढे काट्यावर जात. "काय वो सर, शेळी घेतली व्हय? तरण्याताठ्या गड्यानं घोडी घ्यावी, घोडी!"

"घोडीवर मागे कोण बसतं ते विचारा त्यांना," बाई उतरता उतरता म्हणाल्या. "शेळीच बरी, सर."

गाडी आली त्या आठवड्यात बाईंनी माझी परीक्षा घेतली. पर्स मांडीवर, दोन्ही पाय डावीकडे, अशा त्या माझ्या मागे बसल्या आणि सर्व्हिस रोडने दोन फेऱ्या होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, "दुसऱ्या गतिरोधकावर तुम्ही घाबरलात. वळताना क्लच दाबून ठेवता, तो सोडा. आणि उजवीकडे बघताना नुसते डोळे फिरवता, मान फिरवत नाही." तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी थक्क होऊन विचारले, "बाई, तुम्हांला मागून हे कळतं कसं?" त्या पदर सारखा करीत म्हणाल्या, "चालवणारा रस्त्याकडे बघतो. मागच्याला दोन्हीकडे बघावं लागतं."

हे उत्तर मला तेव्हा सुभाषितासारखे वाटले. ती वस्तुस्थिती होती, हे उलगडायला दोन महिने गेले.

माझी आणि त्यांची निघायची वेळ साधारण एकच होती. उरण फाट्यापुढे ते दोघे बहुतेक रोज माझ्या पुढे दिसत. बाईंचा उजवा हात यजमानांच्या उजव्या खांद्यावर असे. पहिले काही दिवस मला ते आपुलकीचे दृश्य वाटले. मग लक्षात आले की तो हात स्थिर नसतो. उजवीकडून ट्रक येऊ लागला की बोटे दोनदा आपटत आणि गाडी डावीकडे सरके. ट्रक पुढे निघून गेला की तळहात दाबला जाई आणि गाडी पुन्हा मूळ जागी येई. मला पडताळून पाहण्याची खोड आहे. मी सहा दिवस अंतर ठेवून मागे राहिलो आणि पाहिले. बोटे आपटली नाहीत तर गाडी सरकत नव्हती. मग ट्रक कितीही जवळ असो.

मधल्या सुट्टीत मी बाईंना एकटे गाठून विचारले. त्यांनी डबा बंद केला.

"काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याची बाजूची नजर गेली. समोरचं सगळं दिसतं. पेपर वाचतात, काट्यावरचा आकडा वाचतात, म्हणून त्यांना पटत नाही. शेजारचा ट्रक मात्र दिसत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गाडी बंद करा म्हणाले. यांनी डॉक्टर बंद केला." मग त्या म्हणाल्या, "सर, हे कुठे बोलू नका. काट्यावर कळलं तर काम जाईल. मी आहे ना मागे."

"आणि तुम्हांला इथं सोडल्यावर? पुढं काट्यापर्यंत?"

"तेवढं बाजारातल्या आतल्या रस्त्यानं जातात," त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी कोणालाच सांगितले नाही. हे लिहिताना मला सर्वांत जड जाते ते हेच. कळंबोलीच्या रस्त्यावर पोलादाच्या गुंडाळ्या आणि सळ्या वाहणारे ट्रक दिवसभर असतात. सळ्यांची टोके हौद्याबाहेर दोन दोन हात आलेली असतात, त्यांना एक लाल फडके बांधलेले. हे सारे रोज पाहत असूनही मी तीन महिने गप्प राहिलो आणि त्या गप्प राहण्याला मी मनात शब्द पाळणे असे नाव दिले.

एका सकाळी ते दोघे गाडी ढकलीत शाळेत आले. उजवा इंडिकेटर तुटलेला, हँडल वाकलेले, यजमानांचे कोपर सोललेले, बाईंच्या साडीचा काठ उसवलेला. यजमान कोणाशी न बोलता गाडी तिथेच लावून काट्यावर पायी गेले. बाईंनी हात धुतले आणि तिसऱ्या तासाला आठवीच्या वर्गावर गोदावरीचे खोरे शिकवले. तास संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या.

"मला शिंक आली, सर. एक शिंक. तेवढ्यात ट्रक घासून गेला."

मी खुर्ची पुढे केली. त्या न बसताच म्हणाल्या, "माझं ऐकणार नाहीत. तुम्ही रोज मुलांच्या परीक्षा घेता. यांची घ्या."

शनिवारी शाळा सकाळची असते. मुले गेल्यावर यजमान बाईंना न्यायला आले. हँडल सरळ करून आणलेले होते. मी त्यांना आठवीच्या वर्गात बोलावले. ते पहिल्या बाकावर गुडघे आखडून बसले आणि म्हणाले, "काय सर, पाढे म्हणायचे का?" बाई मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. मी फळ्याच्या मधोमध एक फुली काढली. एक डोळा तळहाताने झाका, दुसऱ्याने फुलीकडेच पाहा, मी बाजूने खडू घेऊन येतो; दिसला की सांगा, एवढेच सांगितले.

आधी डावा डोळा तपासला. मी डावीकडून त्यांच्या खांद्याच्या रेषेत आलो आणि ते लगेच म्हणाले, "आला." मी तिथे जमिनीवर खडूने रेघ मारली. मग उजवा. मी उजवीकडून खांद्याशी आलो, खांदा ओलांडला, बाकाच्या पुढे गेलो. ते फुलीकडे पाहत शांत बसले होते. मी जवळजवळ फळ्याशी पोहोचलो तेव्हा ते म्हणाले, "आला."

मी दुसरी रेघ मारली. त्यांनी हात काढून दोन्ही रेघा पाहिल्या.

"सर, तुमी खडू लपवला हुता."

"पुन्हा घेऊ."

पुन्हा घेतले. तिसऱ्यांदाही घेतले. तिन्ही रेघा फळ्यापाशी एकमेकींना चिकटून पडल्या. ते उठले, बाकाला गुडघा आपटला तरी थांबले नाहीत. "अशा पोरखेळावर मी गाडी सोडू व्हय?" असे म्हणत ते बाहेर गेले आणि त्यांनी किक मारली.

बाई पायरीपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"बस की," ते म्हणाले.

"नाही."

"अगं, लोक बघत्यात."

"बघू देत. मी बसले की तुम्हांला वाटतं तुम्हांला दिसतंय. म्हणून मी आता बसणार नाही."

इंजिन चालू होते. त्यांनी एकदा क्लच दाबला, पुन्हा सोडला. डावा पाय जमिनीवर टेकवून ते वाट पाहत राहिले. मागची सीट खाली दबेल म्हणून ते वाट पाहत होते, असे मला वाटते. इतक्या वर्षांत न्यायला आल्यावर बाईंचे वजन मागे पडल्याशिवाय ते फाटकातून कधी निघालेच नव्हते. शिपायांनी फाटक उघडून धरले होते, गाडी बाहेर जाणार की आतच राहणार ते त्यांनाही कळेना. मग यजमानांनी चावी फिरवली. गाडी मेन स्टँडवर घेतली, चावी सीटवर ठेवली आणि कोणाची वाट न पाहता ते बसथांब्याकडे चालू लागले. बाई त्यांच्या मागून गेल्या. रस्ता ओलांडायच्या जागी त्यांनी धावत जाऊन यजमानांची उजवी बाजू धरली.

पुढे सारे नीट झाले, असे लिहिता येणार नाही. यजमानांनी आपण होऊन काट्याच्या मालकाला डोळ्याचे सांगितले आणि दोन महिन्यांत त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. वर्षअखेरीस बाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि दोघे गावी गेले. निरोपाच्या दिवशी यजमान शाळेत आले होते. मी नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "सर, तुमची काय चूक न्हाय. मी मरता मरता वाचलो, ते बी ठावं हाय. पर तुमच्यासंगं बोलावं वाटत न्हाय बघा." पुढे मी दोन पत्रे लिहिली, त्यांची उत्तरे आली नाहीत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर सांगायचे तर हलकी, बुटकी, टाचा टेकतील अशी गाडी नवशिक्याने घ्यावी. पण आज कोणी मला विचारायला आले की मी आधी त्यांना खुर्चीवर बसवतो. ही डॉक्टरची तपासणी नव्हे आणि मी काही डोळ्यांचा जाणकार नाही, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. भिंतीवर एक फुली काढा, एक डोळा झाका, आणि घरातल्या कोणालातरी बाजूने खडू घेऊन यायला सांगा. मग दुसरा डोळा. शंका आली तर दवाखान्यात जा. पण आधी स्वतः पाहा.