धक्का चालेल, हेलकावा नको

आमच्या साडूंच्या गाडीत एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा आपणहून बसत नाही. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. ठोकून द्यायची मला सवय नाही. दोन्हीकडच्या नातेवाइकांना एकेक करून आठवूनच हे विधान करतो आहे. सासूबाई एकदा डोंबिवली स्टेशनपासून साडूंच्या घरापर्यंत त्या गाडीतून गेल्या. दुसऱ्या दिवशी देवळात जायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "जावईबापू, गाडी फार देखणी आहे. मी रिक्षानं पुढे होते, तुम्ही तिला घेऊन मागून या." धाकटा मेहुणा टिटवाळ्याच्या लग्नाला साडूंबरोबर गेला आणि परतताना आचाऱ्याच्या टेम्पोत पातेल्यांच्या शेजारी बसून आला. मी स्वतः बसलो आणि त्यानंतर बरेच दिवस कंबरेला पट्टा बांधून ऑफिसला गेलो. अपवाद एकच, साडूंची बायको. माझ्या बायकोची ही थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती त्या गाडीत सतत बसत आली, आणि का बसते हे कोणालाही उलगडलेलं नव्हतं.

गाडी लाल, बुटकी, जुनी घेतलेली. साडू डोंबिवलीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतात. यंत्रांची थरथर थांबवणं हा त्यांचा व्यवसाय. "दिवसभर थांबवलेली थरथर संध्याकाळी भावोजी घरी घेऊन येतात," असं माझी बायको म्हणते. गाडी घेतल्या घेतल्या त्यांनी तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवल्या. शॉकअप, म्हणजे धक्के जिरवणारे दांडे, बसवले ते प्रत्येक चाकावर एक बटण असलेले. डावीकडे फिरवलं की मऊ, उजवीकडे फिरवलं की कडक. साडूंची चारही बटणं कायम उजव्या टोकाला. वळणावर गाडी झुकली तर चारचौघांत स्वतःचं धोतर सुटल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा, म्हणून ती झुकायचीच नाही. त्याची किंमत माझ्या कंबरेनं मोजली.

गाडीत बसल्यावर बोलायची बंदी. मी ठाण्यात राहतो म्हणून ते मला ठाणेकर म्हणतात. एकदा मी सोसायटीच्या पाण्याचा विषय काढला तर त्यांनी हात वर केला. "ठाणेकर, गाडी बोलतेय. रस्ता कसा आहे ते ती पाठीला सांगते. ऐका जरा." मी म्हणालो, "ऐकलं. तिला म्हणावं, समजलं, आता पुरे." त्यावर घरापर्यंत एक शब्द नाही. आमटीची परीक्षा हा आणखी एक प्रकार. डब्यात काठोकाठ आमटी भरून तो मागच्या सीटवर ठेवायचा आणि फेरी मारायची. आमटी एका बाजूनं सांडली तर गाडी वळणावर झुकली. झाकण उडालं तर शॉकअप चुकला. त्यांच्या सीटला आजही फोडणीचा वास येतो. आणि गाडी इतकी बुटकी की गतिरोधक आला की ती तिरकी करून, एकेक चाक अलगद चढवत न्यावी लागते. नवी नवरी उंबरठा ओलांडताना जेवढा वेळ घेते त्याहून अधिक. मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि साडू शांत. रोजच्या वाटेवरच्या गतिरोधकांना त्यांनी सासरच्या माणसांची नावं ठेवली आहेत. शाळेजवळचा उंच गतिरोधक म्हणजे "आत्याबाई", कारण त्या समोर आल्याशिवाय दिसत नाहीत. साडूंच्या फाटकासमोरचा म्हणजे "मामा". ते दिसतात, पण टाळता येत नाहीत.

अशा माणसावर ती वेळ आली.

ताईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. आधी तिला कोपऱ्यात काळी सावली दिसायला लागली. दोन दिवस तिनं ती अंगावर काढली आणि मग एका सकाळी अर्धं जग दिसेना. डावा डोळा लहानपणापासून अधू. त्यानं तिला फक्त उजेड आणि आकार कळतात. म्हणजे होता तो हा एकच डोळा. ठाण्याच्या नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच दाखल करून घेतलं, पण साखर वाढलेली, ती आटोक्यात येईपर्यंत एक दिवस थांबायचं ठरलं. ऑपरेशननंतर डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरतात. तो वर तरंगत पडद्याला डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दाबून धरतो. त्यासाठी मान खाली, नजर जमिनीकडे, रात्रंदिवस. "घरी नेताना डोक्याला हिसके बसू देऊ नका," बाई म्हणाल्या. "आणि सारखं हलू देऊ नका."

आमचं घर नौपाड्यातच, पण इमारतीच्या दुरुस्तीसाठी भिंती फोडणं चाललेलं; सिमेंटची धूळ थेट स्वयंपाकघरात. तिथे डोळ्याचा रुग्ण ठेवणं शक्य नव्हतं. डोंबिवलीलाच न्यायला हवं होतं, कळवा, मुंब्रा, शिळफाटा या वाटेनं. ती वाट ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

"टॅक्सी करू," बायको म्हणाली. "मोठी, मऊ गाडी."

"कोणाची टॅक्सी?" साडू म्हणाले. "त्याचे शॉकअप कधी बदललेत, मला माहीत आहे?"

"तुमचे माहीत आहेत म्हणूनच भीती वाटते, भावोजी."

हे बोलणं दवाखान्याच्या जिन्यात झालं. एरवी साडूंनी उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "उद्या रविवार आहे. डोंबिवलीला या माझ्याबरोबर. गाडीचे शॉकअप जुळवून बघू."

रविवारी ताईजवळ माझी बायको थांबली आणि आम्ही दोघे कारखान्यांच्या भागात गेलो. सुट्टीमुळे रस्ते रिकामे होते. ताईच्या जागी मी. मागच्या सीटवर बसायचं, मांडीवर दोन उशा, त्यावर कपाळ, नजर पायपुसण्याकडे. या अवस्थेत माणसाला पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे अंग आवळून तयार राहता येत नाही. जे येईल ते थेट मानेला.

चारही बटणं त्यांनी डाव्या टोकाला नेली. पहिल्या गतिरोधकावर मला वाटलं, झालं काम. धक्का जाणवलाच नाही. मग गाडी खाली बसली. वर आली. पुन्हा खाली बसली. कपाळ उशीवरून उचललं गेलं आणि टेकलं, उचललं गेलं आणि टेकलं. पुढच्या वळणावर मी दोन्ही उशांसकट दारावर गेलो.

"किती हेलकावे?" त्यांनी विचारलं.

"चार. पहिले दोन मोठे."

"लोकांना वाटतं मऊ म्हणजे आराम," ते म्हणाले. "स्प्रिंग गाडीला उचलते. तिला गप्प कोण करणार? शॉकअप. तो ढिला सोडला की गाडी रडणाऱ्या पोरासारखी, एकदा सुरू झाली की थांबत नाही." पण हे म्हणताना त्यांच्या आवाजात नेहमीची ऐट नव्हती.

तुलना पुरी व्हावी म्हणून मी उजव्या टोकाचीही फेरी घ्यायला लावली. त्याविषयी इतकंच लिहितो की दाताची जुनी कॅप सैल झाली. मग मधले टप्पे. बटणं दोन घरं उजवीकडे, फेरी. पुढची जरा मऊ, मागची जरा कडक, फेरी. चाकांतली हवा थोडी कमी केली. आणखी करू म्हणाले तर मी नको म्हटलं, कारण वळणावर गाडी लोण्यावरून चालल्यासारखी वाटायला लागली होती. दुपारपर्यंत एक जुळणी बरी वाटली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"मागे मी एकटा बसलोय," मी म्हणालो. "घरी नेताना ताई असेल, तिचं डोकं धरायला ही असेल, आणि सामान. वजन जवळजवळ दुप्पट."

साडूंनी वळून मागची सीट पाहिली. मग म्हणाले, "मेहुणीबाईंचं वजन किती?"

मी फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "माझं वजन तुम्ही गाडीला सांगणार? तिला म्हणावं, बसल्यावर कळेल."

मी अंदाजानं आकडा धरला, थोडा वरचाच. साडूंच्या इमारतीखालच्या वाण्याकडून तेवढी तांदळाची पोती मागून आणली आणि पट्टा लावून शेजारी बसवली. साडूंनी आरशातून पोत्यांकडे पाहिलं, हसले नाहीत. पहिल्याच खड्ड्यात मागची बाजू पूर्ण दबून खाली आपटली, दगडावर घण पडावा तशी. सकाळची सगळी मेहनत चूक ठरली होती. हीच गोष्ट ताई मागे असताना कळली असती तर, हा विचार दोघांच्याही मनात एकदमच आला असावा. त्यांनी उतरून मागची बटणं कडक केली. फेरी. आणखी एक घर. फेरी. ऊन उतरेपर्यंत शेवटी अशी जुळणी सापडली की खड्ड्यात एक धक्का यायचा, दबका, आणि गाडी तिथेच शांत व्हायची.

"धक्का लागतो," मी सांगितलं, "पण एकच. धक्का चालेल, हेलकावा नको."

"धक्का चालेल, हेलकावा नको," त्यांनी औषधाचं नाव पाठ करावं तसं म्हटलं. मग गाडी बंद करून म्हणाले, "इतकी वर्षं ही माझ्या शेजारी बसली, ठाणेकर. एका शब्दानं तक्रार नाही. मी समजत होतो, तिला आवडतं."

 मी पोती उतरवायला घेतली.

ऑपरेशन झालं. घरी न्यायच्या सकाळी मी पुढे बसलो, खड्डे सांगायला. मागे ताई उशीवर कपाळ टेकून, आणि माझी बायको तिच्या डोक्याला दोन्ही हातांनी धरून. कळव्याचा पूल बरा गेला. "उजवीकडे लहान," मी म्हणायचो. "पुढे मोठा, पूर्ण रुंदीचा."  साडूंच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरत होता आणि ते तो पुसत नव्हते.

मुंब्र्याच्या बाह्यवळणावर आमच्या उजव्या हाताला एक लांबलचक ट्रेलर होता. त्याच्यापुढे खड्डा आला असावा, कारण इशारा न देता तो आमच्या अंगावर डावीकडे सरकायला लागला. ब्रेक मारला तर ताईचं डोकं पुढच्या सीटवर. डावीकडे कडेचा उखडलेला पट्टा, खडी उघडी पडलेली.  साडूंनी ब्रेकला पाय लावलाच नाही. त्यांनी चाक एकदाच, पण ठामपणे डावीकडे वळवलं, आणि गाडी एकसंध तशी बाजूला गेली, जरा झुकली, झुकलेलीच राहिली, डुलली नाही. खडीवर उतरली तेव्हा एक दबका दणका बसला. ट्रेलरची मागची चाकं साडूंच्या खिडकीजवळून गेली. मग आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो.

"काय झालं?" खालून ताईचा आवाज आला.

"काही नाही. खड्डा."

"एकच होता ना?"

"एकच," साडू म्हणाले.

माझ्या बायकोनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ताईचं डोकं हललं नव्हतं. शिळफाट्याच्या पुढे त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरले, आणि स्वच्छ असलेली काच फडक्यानं बराच वेळ पुसली. 

डोंबिवलीत शिरल्यावर एका ठिकाणी गाडी तिरकी होऊन हळूहळू चढू लागली. "आत्याबाई," ताई उशीत तोंड ठेवून म्हणाली. "आता पुढे मामा." माझी बायको हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, पण हात तिनं तसेच धरून ठेवले.

ताईचा डोळा वाचला. सगळा नाही. समोरचं दिसतं, पण सरळ रेघ तिला मध्येच वाकलेली दिसते, आणि पाट्या वाचता येत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, एवढं परत आलं हेच पुष्कळ. बायकोनं एकदा तिला सरळ विचारलं, "तू इतकी वर्षं त्या गाडीत बसायचीस कशी गं?" ताई म्हणाली, "घरी असले की ते गाडीखाली असतात. गाडीत असले की निदान शेजारी असतात."

मध्यंतरी डोंबिवलीहून चौघे मिळून कल्याणला एका बारशाला गेलो. बटणं त्याच जागी आहेत, त्या रविवारी होती तिथे; साडूंनी पुन्हा हात लावलेला नाही. ताई पुढे बसली होती. आणि गाडीत बोलायची बंदी घालणारा तो माणूस सबंध वाटभर बोलत होता. "डावीकडे कलिंगडवाला बसलाय बघ. नवीन इमारत चाललीये, हिरवी जाळी लावलेली. एक बाई स्कूटरवर, पुढे पोरगं उभं, त्याच्या डोक्यावर टोपी."

"कुठल्या रंगाची?" ताईनं विचारलं.

त्यांनी ती टोपी पुन्हा दिसावी म्हणून गाडी थोडी पुढे काढली. "पिवळी."

पत्रीपुलाच्या अलीकडे वळण आलं. गाडी जरा झुकली. ताई त्यांच्या बाजूला कलली, आणि वळण संपल्यावरही थोडी तशीच राहिली. साडूंनी मान वळवली नाही, फक्त वेग उतरवला.

सुरुवातीला मी लिहिलं की त्या गाडीत दुसऱ्यांदा कोणी आपणहून बसत नाही. ते विधान आता बरोबर नाही. त्या दिवशी बारशाला जाताना रिक्षा दारात उभी होती, आणि मी ती परत पाठवली होती.