हवेतला पाय

आमच्या घरात मटण बंद झालं ते एका अशा बाईमुळे, जी कधी जन्मालाच आली नव्हती.

तिचं नाव सुगंधा. 'उंबऱ्याबाहेरची सून' या मालिकेची ती नायिका. रोज दिवाबत्तीच्या वेळेला ती आमच्या टीव्हीवर यायची, रडायची आणि जायची. एके दिवशी तिची मोठी जाऊ दमयंती हिने देवीचा हार चोरल्याचा आळ घेऊन तिला नेसत्या साडीनिशी घराबाहेर काढलं. त्या रात्री माझी आई जेवली नाही. सकाळी उठून टेंबलाईच्या देवळात जाऊन आली आणि दारात चपला काढता काढता तिने मला बातमी दिली.

"संभा, देवीला नवस बोललोय मी. ती पोरगी परत त्या घरचा उंबरा वलांडून आत जाईस्तवर आपल्यात मटण शिजणार न्हाय. ती आत गेली की देवीला पोळीचा निवद, आणि मग मटण."

"अगं आई, ती मालिका हाय."

"तिच्यावरचा आळ खरा हाय का खोटा?"

"खोटा हाय, पण..."

"मग झालं की."

कोल्हापूरचा माणूस एक वेळ रविवार सोडेल, पण रविवारचं मटण सोडणार नाही. माझं शाहूपुरीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आठवडाभर मी लोकांच्या जळलेल्या मोटारी उघडतो ते केवळ रविवारच्या तांबड्या रश्श्याकडे डोळे लावून. मी वकिली करून पाहिली. "घरात शिजवायचं न्हाय म्हणालीस. बाहेर खाल्लं तर?"

"ह्या घरात झोपणाऱ्या माणसाच्या पोटात गेलं म्हंजे ह्या घरातच आलं की," आई म्हणाली.

मी आशेने बायकोकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "आई म्हणत्यात ते बरोबर हाय." (तिचं वाटण वाटायचं वाचलं होतं!)

पुढच्या रविवारी शेपूची भाजी झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही शेपूच. शेजारच्या मालूताईंच्या स्वयंपाकघरातून भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायला लागला की मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचो. खिडकी लावायचो, पुन्हा उघडायचो. नेहमीच्या मटणवाल्याच्या दुकानावरून मान खाली घालून जायला लागलो, तर त्याने भर रस्त्यात हाक मारली, "काय संभाशेट, माळ घातलासा काय?"

त्याला काय सांगणार? सुगंधा बाहेर आहे म्हणून मी उपाशी आहे, हे सांगायला सुद्धा तोंड लागतं.

तोपर्यंत मी मालिका बघणाऱ्यांची यथेच्छ टिंगल करत होतो. आता दुकान लवकर बंद करून सगळ्यांच्या आधी टीव्हीपुढे मीच बसायला लागलो. पण त्या लेखकाचं माझ्याशी काय वैर होतं कुणास ठाऊक. सुगंधा घराकडे निघाली की तिच्या गाडीचा ब्रेक निकामी व्हायचा. ब्रेकमधून वाचली तर तिची स्मरणशक्ती गेली. स्मरणशक्ती परत आली, तोवर दमयंतीने हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी दुसरीच बाई घरात आणली. ती बाई थाटात उंबरा ओलांडून आत गेली तेव्हा मी खुर्चीवरून उडीच मारली.

"गेली! आई, गेली आत!"

"खाली बस. ती सुगंधा न्हवं. हिच्या हातावर तीळ न्हाय."

अशात एके दिवशी टीव्हीवर पट्टी फिरली. मालिकेचा शेवटचा आठवडा! बघणाऱ्यांची संख्या कमी पडली म्हणून वाहिनी ती मध्येच गुंडाळत होती. सगळी गल्ली हळहळली, आणि मी मात्र मनातून नाचत होतो. मालिका संपणार म्हणजे सुगंधा आत येणार, हा साधा हिशेब. शेवटच्या दिवशी मटणवाल्याला आगाऊ सांगून ठेवलं. सुमनने पुरण शिजवलं. आमचा टीव्ही मोठा म्हणून मालूताईंसकट अर्धी गल्ली आमच्याकडे येऊन बसली.

सुगंधा दारात आली. दमयंतीने दार उघडलं. दोघी एकमेकींकडे इतका वेळ बघत राहिल्या की मधे दोन वेळा जाहिराती झाल्या. मग सनई वाजली, सुगंधाने उजवा पाय उचलला, पाय उंबऱ्यावर आला, आणि चित्र तिथेच थांबलं. त्यावरून कॅमेरावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं सरकली आणि शेवटी आली अक्षरं, 'प्रेक्षकांचे मनःपूर्वक आभार'.

आईने सावकाश विचारलं, "पाय कुठं टेकला?"

"आतच टेकला असणार की."

"असणार न्हवं. टेकला का?"

मोबाईलवर तो भाग पुन्हा लावला. बोटांनी चित्र मोठं करून करून पाहिलं. मालूताईंचं मत पडलं की अंगठा आतल्या बाजूला दिसतोय. आईने चष्मा पुसून पाहिलं आणि निकाल दिला, "पाय हवेत हाय. हवेतला पाय घरात धरत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाककृतींचा नवा कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच भागात एका माणसाने तांबडा रस्सा करून दाखवला. त्यात त्याने टोमॅटो आणि चमचाभर साखर घातली. त्या दिवशी आमच्या घरात मटणाला मुकलेला मी आणि मटण बंद करणारी आई, दोघांनी मिळून टीव्ही बंद केला.

मी वाहिनीला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, तुमचं मत मोलाचं आहे असं एक बाई अधूनमधून सांगत राहिली, आणि मग एक तरुण आवाज आला.

"सर, ती मालिका संपली आहे."

"संपली न्हाय हो. थांबलीया. तिचा तेवढा पाय टेकवा, बाकी काय म्हणणं न्हाय आमचं."

"सर, त्याऐवजी आमचा नवा पाककृतींचा कार्यक्रम..."

मी फोन ठेवला. त्याहून जास्त काही बोललो असतो तर प्रकरण पोलिसांत गेलं असतं.

मग मालूताईंनी सांगितलं की त्या मालिकेचं शूटिंग पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका बंगल्यात चालायचं. निदान जागेवर जाऊन कुणाकडून तरी ऐकू की पाय टेकला होता, म्हणून आईला रिक्षात घालून मी तिकडे गेलो. बंगल्यात मोडतोड चालली होती. ज्या उंबऱ्यापायी माझी ही दशा झाली होती तो फाटकाबाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला. आईने भक्तिभावाने हात लावला तर तो अख्खा हातात आला. प्लायवुड! वर सागवानी रंग.

"न्या की पावणं," तिथला कामगार म्हणाला. "तसा बी जळणालाच जाणार हाय."

तेवढ्यात आईचं लक्ष झाडाखाली गेलं. तिथे पँट आणि टी-शर्ट घातलेली एक तरुण मुलगी बॅगेवर बसून बिस्किटं खात होती. आईने चष्मा सावरला आणि पदर खोचला.

"तूच की ग ती दमयंती! त्या पोरीच्या अन्नात माती कालवलीस आणि हितं बिस्किटं खातीस व्हय?"

मी मधे पडणार इतक्यात ती मुलगी उठून आईच्या पाया पडली. "काकू, मी सुधारणार होते हो," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मी सुधारते असं लेखकाने कबूल केलं होतं. सुगंधाला मी स्वतः ओवाळून आत घेणार होते. एका दुपारी सांगितलं, आज शेवटचा दिवस. माझं सुधारायचं राहूनच गेलं. परवा भाजी घ्यायला गेले तर भाजीवालीने मला कोथिंबीरसुद्धा दिली नाही. आज राहिलेलं सामान न्यायला आले, तर तुम्ही..." आणि तिचे डोळे भरून आले.

आई विरघळली. उंबऱ्याबाहेर सुगंधा एकटीच राहिलेली नाही हे तिच्या लक्षात आलं. "चल, घरला चल," ती म्हणाली. "जेवल्याबिगर जायचं न्हाय. काय खाणार सांग."

मुलीने डोळे पुसले. "इतके महिने कोल्हापुरात राहिले काकू, पण डब्याचंच खाल्लं. घरचं मटण एकदा खायचं होतं."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकीकडे देवी, दुसरीकडे तोंडाने मागितलेलं पाहुणीचं जेवण! परत येताना रिक्षात मधे आई, एका बाजूला दमयंती, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या मांडीवर आडवा उंबरा. घरी पोचताच आईने गल्लीतल्या देवळातल्या गुरवमामांना बोलावणं धाडलं.

गुरवमामांनी सगळं ऐकून घेतलं, दमयंतीकडे पाहिलं, उंबरा वाजवून पाहिला. "सोपं हाय," ते म्हणाले. "बायको हजर नसली की पूजेला तिच्या जागी सुपारी मांडतोच की आपण. सुगंधाच्या जागी सुपारी मांडायची."

"सुपारीला पाय कुठं हाईत?" आईने विचारलं.

"सुपारी पदरात घिऊन कुणीतरी आत यायचं. ज्याचं अडलंय त्यानं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुमनकडे बोट दाखवलं.

"माझं काय अडलंय?" सुमन म्हणाली. "मला शेपू आवडती." आणि लग्नात सुद्धा दाखवला नव्हता इतक्या उत्साहाने तिने कपाटातून हिरवी साडी काढली.

आमच्या दाराच्या चौकटीत तो प्लायवुडचा उंबरा बसवला. पँटवरून साडी, डोक्यावर पदर, पदरात हळदकुंकू लावलेली सुपारी आणि नाकाखाली माझी मिशी, अशा अवस्थेत मी माझ्याच घराच्या दारात उभा राहिलो. गल्ली गोळा झाली. मालूताई मोबाईल धरून पुढे आल्या. मला लाज वाटत होती का? वाटत होती. पण मटणवाल्याने मटण तोडून ठेवलं होतं, आणि माझं सगळं लक्ष तिकडे लागलं होतं.

आत दमयंती आरतीचं ताट घेऊन उभी राहिली. मला बघताच तिच्या अंगात जुनी सवय शिरली. डोळे वटारून ती कडाडली, "थांब! या घरात तुझं पाऊल पडता कामा नये!"

गल्लीने टाळ्या वाजवल्या. आई ओरडली, "अगं, सुधार आता!"

आणि ती सुधारली. तिच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. "चुकले मी, सुगंधा. हार मीच लपवला होता. ये, तुझ्या घरी ये." सुमनने डोळ्यांना पदर लावला. मीही पदराने नाक पुसलं, मिशीसकट. मी उजवा पाय उचलला.

निऱ्या पायात आल्या. तोल सांभाळायला मी उंबऱ्यावर भार दिला. प्लायवुडच ते! कडकन मोडलं आणि मी, साडी, मिशी आणि सुपारी असे सगळे घरात कोसळलो.

आई धावली ती सुपारीमागे. सुपारी घरंगळत थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली होती. "आत गेली! टेंबलाई पावली!" मग तिने मागे वळून पाहिलं. "संभा, ऊठ की आता."

मला उठता येत नव्हतं. घोट्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, पाय उशांवर उंच ठेवायला सांगितला, जमिनीला अजिबात टेकवायचा नाही म्हणाले. गोळ्या उष्ण आहेत, तेव्हा तिखट आणि मसाला बंद. देवीला निवद गेला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात भलं मोठं पातेलं चढलं. ज्यांनी दमयंतीला महिनोन् महिने शिव्या घातल्या त्याच बाया तिला आग्रह करकरून वाढत होत्या. तिने रश्श्याच्या चार वाट्या रिचवल्या, आणि मी खाटेवरून पाय वर करून वास घेत होतो. थोड्या वेळाने आई माझ्यासाठी वाटी घेऊन आली. त्यात अळणी होती, म्हणजे मसाला पडायच्या आधीचं मटणाचं मिठाचं पाणी.

"घे," ती म्हणाली. "मटणाचंच हाय."

प्रकरण इथेच संपलं असतं, पण मालूताईंच्या मोबाईलमधली जागा मी उंबरा ओलांडत होतो नेमकी तेव्हाच भरली होती. त्यांचा व्हिडिओ थांबला तो माझा पाय हवेत असताना. तेवढाच तो जिल्हाभर फिरला. ओळखीचे, बिनओळखीचे लोक फोन करून विचारायला लागले, पुढं काय झालं?

एके दुपारी शाहूवाडीकडचा एक शेतकरी पत्ता काढत थेट माझ्या खाटेपाशी आला. चेहरा ओढलेला, नजर सैरभैर. माणूस किती रविवार उपाशी आहे ते मला लांबूनच कळलं.

"पावणं, ती मिशीवाली सुगंधा तुमीच न्हवं?" तो म्हणाला. "आमच्या म्हातारीनं तुमचा व्हिडिओ बघून नवस बोललाय. तुमचा पाय खाली टेकल्याबिगर आमच्यात मटण न्हाय." मग त्याचं लक्ष उशांवरच्या प्लास्टरकडे गेलं आणि तो मटकन खाली बसला. "अजून हवेतच हाय की वो."

मी त्याला आत्तापर्यंतचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, मोबाईल बाहेर काढला आणि हात जोडले. "जरासा टेकता काय? म्हातारीला दाखवाया."

त्या वाहिनीच्या तरुणासारखं त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. दातओठ खाऊन मी पाय खाली घेतला आणि चांगला पक्का टेकवला.

मालिकेला मिळाली नाही ती मुदतवाढ माझ्या प्लास्टरला मिळाली.