अक्कांचं बरं वाटणं
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला धरणगावजवळचं आमचं शेत आणि लग्नानंतरचा माझा पहिला हिवाळा आठवतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, मनाचा आजार होता; कधी महिनोन्‌महिने अंथरूण सुटायचं नाही, तर कधी उत्साहाला असं उधाण यायचं की झोपच उडायची आणि त्या वाट फुटेल तिकडे निघून जायच्या. धुळ्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी दोन वर्षं सगळं ठीक चाललं होतं. त्या दिवशी शेतात भरीत-पुरीचा बेत होता. अक्कांनी एकटीनं तीस माणसांच्या पुऱ्या लाटल्या, गाणी म्हटली, सगळ्यांना पोट धरून हसवलं. मी नवी नवरी, त्यांच्या मागेमागेच होते. अक्का आता अगदी बऱ्या झाल्या, असं जो तो म्हणत होता. तेवढ्यात त्या पदराला हात पुसत आपल्या यजमानांजवळ, भावजींजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "तीन दिन व्हई ग्यात, माले झोप नही. बरं वाटस म्हनीसन मी गोया बंद करी दिन्यात. माले धुळे लई चला." भावजींचा चेहरा उतरला. उद्या पहाटेच्या गाडीनं जाऊ, असं ते म्हणाले. "आजच," अक्का म्हणाल्या, "उद्या मी तुमनं ऐकाव नही." दोघं दुपारच्याच एसटीनं गेले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि महिन्याभरात अक्का पहिल्यासारख्या शांत झाल्या. त्यांचं ते बरं वाटणं आम्हा सगळ्यांनाच हवंहवंसं होतं. त्यांना स्वतःला ते किती हवं असेल, हे मला फार वर्षांनी कळलं.